आधी मान, मग मॉनिटर

लॅपटॉपला जोडायचा, बॅगेत मावणारा दुसरा मॉनिटर घ्यावा का, हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. घरून काम करणारे विचारतात, आर्टिकलशिप करणारी सीएची मुले विचारतात, ऑनलाइन शिकवणी घेणारे शिक्षकही विचारतात. जाहिरातींकडे उत्तर तयार असते: पडदे दोन, काम दुप्पट. माझ्या मते हा प्रश्न आधी मानेचा आणि मग कामाच्या वेगाचा आहे. दुसरा पडदा योग्य जागी ठेवला तर मान आणि डोळ्यांना खरोखर आराम मिळू शकतो. चुकीच्या जागी ठेवला तर आधीच्या दुखण्यात भर पडते. अडचण अशी, की हे मॉनिटर ज्या घडीच्या कव्हरवर टेबलावर उभे राहतात, ती जागा बहुधा चुकीचीच असते.

दोष कुठे आहे?

पडदा बिजागरीवर फिरून कीबोर्डवर मिटतो, ही रचना १९८२ मध्ये आलेल्या ‘ग्रिड कंपास’ या संगणकाने रूढ केली. तिचे डिझाइन बिल मॉग्रिज यांचे. सोबत नेता यावा आणि जाईल तिथे काम करता यावे, हा तिचा हेतू. त्यासाठी ती उत्तमच आहे. पण रोज आठ-दहा तास त्याच्यासमोर बसायचे म्हटले, की अडचण सुरू होते. हातांना कीबोर्ड कोपराच्या उंचीवर हवा असतो आणि डोळ्यांना पडदा जवळपास नजरेच्या उंचीवर. माणूस खुर्चीत ताठ बसला तर त्याचे डोळे टेबलाच्या साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर वर असतात. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उघडला तरी त्याची वरची कड वीस-बावीस सेंटिमीटरच्या आसपासच राहते. उरलेले अंतर कोण भरून काढते? मान.

प्रौढ माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ते खांद्यांच्या सरळ रेषेत असेल तर मणके तो भार सहज पेलतात. डोके पुढे झुकले, की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये या ताणाचे गणित मांडले. त्यांच्या हिशेबाने मान १५ अंश झुकली तर मणक्यांवर सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८ किलो आणि ६० अंशांना २७ किलो इतका भार येतो. हे संगणकीय प्रारूपातून काढलेले आकडे आहेत, जिवंत माणसांवर मोजलेले नाहीत, त्यामुळे त्यांना दगडावरची रेघ मानू नये. पण दिशा स्पष्ट आहे. कोन वाढला की भार वाढतो, आणि तो तासन् तास टिकला तर स्नायू दुखू लागतात.

म्हणून दुसऱ्या पडद्याची किंमत तो दुसरा आहे यात नाही. तो कीबोर्डपासून सुटा आहे, हवा तितका उंच नेता येतो, यात आहे. ही गोष्ट एकदा मनाशी पक्की झाली, की काय घ्यायचे, कुठे ठेवायचे आणि मुळात घ्यायचे का, ही तिन्ही उत्तरे सोपी होतात.

आठ दिवस मॉनिटरशिवाय

माझा पहिला सल्ला मॉनिटर लगेच न घेण्याचा आहे. आधी साधा सुटा कीबोर्ड आणि माउस आणा. लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या किंवा जाडजूड शब्दकोशांच्या चळतीवर ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली यायला हवी. कीबोर्ड टेबलावर, कोपर अंगाजवळ, पाठ खुर्चीला टेकलेली आणि पाय जमिनीवर. पाय टेकत नसतील तर खाली पाट घ्या. असे आठ दिवस काम करून पाहा. हजार-दीड हजारात होणारा हा बदल अनेकांना पुरतो आणि मॉनिटरचे पैसे वाचतात.

या आठ दिवसांत आणखी एक नोंद ठेवा: दिवसातून किती वेळा दोन खिडक्यांमध्ये ये-जा करावी लागते? एकीकडे बिल आणि दुसरीकडे खातेवही, एकीकडे मूळ मजकूर आणि दुसरीकडे अनुवाद, एकीकडे विद्यार्थ्यांचे चेहरे आणि दुसरीकडे शिकवायची पाने, असे काम असेल तर दुसरा पडदा उपयोगी आहे. ईमेल आणि व्हॉट्सॲप सतत डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी तो हवा असेल, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींना स्वतंत्र पडदा दिला, तर काम वाढत नाही, व्यत्यय वाढतो.

घरात टॅब असेल तर तोही काही दिवस दुसरा पडदा म्हणून जोडून पाहता येतो. बऱ्याच लॅपटॉप आणि टॅबमध्ये ही सोय आधीच असते. गरज खरी आहे की हौस, हे विकत घेण्याआधीच कळते.

फिरता की बैठा?

गरज आहे असे ठरले, तरी आणखी एक प्रश्न उरतो. तुम्ही एकाच टेबलावर काम करत असाल आणि ते टेबल तुमचेच असेल, तर फिरता मॉनिटर घेऊ नका. साधारण तेवढ्याच, कधी त्याहून कमी पैशांत २२ किंवा २४ इंची साधा मॉनिटर मिळतो. तो मोठा असतो, त्याची अक्षरे लांबून वाचता येतात आणि त्याला उंचीचा स्टँड असतो. मानेच्या दृष्टीने तो सरस आहे.

फिरता मॉनिटर त्यांच्यासाठी, ज्यांना रोज आवरते घ्यावे लागते. मुंबई-पुण्याच्या वन बीएचकेमध्ये संध्याकाळी तेच टेबल जेवणाचे होते, सकाळी त्यावर मुलांचा गृहपाठ असतो. कुणाला आठवड्यातले तीन दिवस हिंजवडी किंवा ऐरोलीला जायचे असते, कुणाला ऑडिटसाठी गावोगाव. अशा लोकांना सातशे-नऊशे ग्रॅमचा, पुस्तकासारखा बॅगेत सरकणारा पडदा सोयीचा आहे. पण लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली असलेल्या बॅगेत हे वजनही वाढणार, हे ध्यानात ठेवावे. बॅग दोन्ही खांद्यांवर घ्यायची असावी. एका खांद्यावरची बॅग आणि लोकलचा प्रवास, म्हणजे मानेला दिलेला आराम वाटेतच गमावणे.

आकार आणि अक्षरे

फिरत्या मॉनिटरमध्ये १५.६ इंची आकार आणि १९२० × १०८० ठिपक्यांचा पडदा सर्वाधिक दिसतो. इथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. इतकेच ठिपके २४ इंची पडद्यावर पसरले तर एका इंचात सुमारे ९२ येतात, १५.६ इंचात ते १४१ होतात. म्हणजे त्याच सेटिंगवर लहान पडद्यावरची अक्षरे जवळपास दीडपट बारीक दिसतात. बारीक अक्षर दिसले की माणूस नकळत पुढे वाकतो, आणि ज्या त्रासासाठी मॉनिटर आणला तोच पुन्हा सुरू होतो.

उपाय सोपा आहे. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. मात्र १५० टक्के केले की पडद्यावर मावणारा मजकूर १२८० × ७२० ठिपक्यांइतकाच उरतो. दुकानात दाखवलेली ऐसपैस जागा घरी आल्यावर आक्रसते ती यामुळे. खर्च करण्याआधी ही वस्तुस्थिती ठाऊक असलेली बरी. शक्य असल्यास १६ इंची आणि १९२० × १२०० ठिपक्यांचा पडदा पाहावा. त्याची उंची थोडी अधिक असते आणि पानाच्या आणखी काही ओळी दिसतात. याच आकारात फोर-के घेतल्याने अक्षरे अधिक रेखीव होतात, पण जागा वाढत नाही आणि वीज जास्त लागते.

मराठीत काम करणाऱ्यांनी अक्षरांचा आकार इंग्रजीपेक्षा थोडा मोठाच ठेवावा. मात्रा, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे यांचे बारकावे लहान आकारात एकमेकांत मिसळतात. मुद्रितशोधन करणाऱ्याला अनुस्वार आहे की नाही हे पाहण्यासाठी दर ओळीला मान पुढे काढावी लागत असेल, तर अक्षर लहान आहे.

पडदा चकचकीत नको, मॅट हवा. चकचकीत पडद्यावर खिडकी आणि दिवे दिसतात, आणि ते टाळण्यासाठी आपण मान तिरकी करतो. उजेडाचे माप ‘निट’मध्ये देतात. स्वस्त मॉनिटर २२०-२५० निटच्या आसपास असतात. खोलीत ते चालतात. खिडकीजवळ बसणाऱ्यांनी ३०० किंवा त्याहून अधिक पाहावे. रंगांचे काम करणाऱ्यांनी ‘एसआरजीबी’ किती टक्के आहे तेही विचारावे. हिशेब-मजकुराच्या कामाला त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

केबलची फसगत

फिरता मॉनिटर आणल्यावर ‘चालतच नाही’ अशी तक्रार होते, तिचे कारण बहुतेकदा केबल किंवा पोर्ट असते. यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचे नाव आहे. त्या तोंडातून चित्र जाईलच असे नाही. काही लॅपटॉपवर ते केवळ चार्जिंग आणि फायलींसाठी असते. पोर्टशेजारी विजेच्या बाणाचे थंडरबोल्ट चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असेल तर चित्र जाते. चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधावा. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल इथे सहसा चालत नाही, कारण तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतात. मॉनिटरसोबत आलेली केबलच वापरावी आणि तिच्यावर खूण करून ठेवावी.

लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असेल तरी मॉनिटर चालतो, पण त्याला वीज वेगळी द्यावी लागते; म्हणजे दोन केबल. ॲपलच्या एम-१ आणि एम-२ चिपच्या मॅकबुक एअरला थेट एकच बाहेरचा पडदा जोडता येतो. एक आधीच जोडला असेल तर घेण्यापूर्वी विचार करावा.

एकाच केबलवर चालणारा मॉनिटर लॅपटॉपच्या बॅटरीवर जगतो. समजा, ५० वॅट-तासांची बॅटरी एरवी पाच तास चालते, म्हणजे लॅपटॉप दहा वॅट खातो. मॉनिटरने त्यात आठ वॅटची भर घातली, तर तीच बॅटरी तीन तासही टिकत नाही. दिवसाकाठी दोनदा वीज जाणाऱ्या गावात हा फरक कामाचे वेळापत्रक बिघडवतो. चार्जर मॉनिटरला लावून तिथून लॅपटॉपही चार्ज होईल, अशी सोय असलेला मॉनिटर म्हणूनच बरा.

ठेवायचा कुठे?

इथेच बहुतेकांचे चुकते. कव्हरची घडी घालून मॉनिटर लॅपटॉपच्या उजव्या हाताला, टेबलावर टेकवून ठेवला जातो. आता मान खालीही झुकते आणि वळतेही. दिवसभर एकाच बाजूला वळलेली मान संध्याकाळी त्याच बाजूला दुखते. दोन पडदे घेऊन दुखणे वाढले, असे सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: दुसरा पडदा कुठे आहे?

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाची, म्हणजे ‘ओशा’ची, शिफारस अशी आहे: पडदा अगदी समोर, डोळ्यांपासून ५० ते १०० सेंटिमीटर लांब, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली. फिरत्या मॉनिटरवर ही शिफारस पाळण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे तो लॅपटॉपच्या शेजारी न ठेवता त्याच्या मागे, उंचावर ठेवणे. लॅपटॉपच्या मागे वीसएक सेंटिमीटर उंचीचा घट्ट स्टँड ठेवा. स्टँड नसेल तर मिक्सरचे खोके चालेल. ते हलू नये म्हणून आत जुनी मासिके भरा. त्यावर मॉनिटर उभा केला की तो लॅपटॉपच्या पडद्याच्या वर, नजरेसमोर येतो. हात लॅपटॉपच्याच कीबोर्डवर राहतात. मुख्य काम वरच्या पडद्यावर करायचे आणि खालच्या पडद्यावर अधूनमधून पाहायचे ते ठेवायचे. संगणकाच्या सेटिंगमध्ये वरचा पडदा ‘मेन डिस्प्ले’ करायला आणि पडद्यांचा क्रम प्रत्यक्षाप्रमाणे, एकावर एक, लावायला विसरू नये.

शेजारी-शेजारीच ठेवायचे असतील, तर दोन्ही सारख्या उंचीवर आणि सारख्या अंतरावर ठेवून पुस्तक उघडल्यासारखा किंचित कोन द्यावा. दोन्हींचा वापर सारखा असेल तर जोड नाकासमोर यावी. एकाचा जास्त असेल तर तो नाकासमोर आणि दुसरा कडेला.

‘पडदा डोळ्यांच्या पातळीला’ या नियमाला एक मोठा अपवाद आहे. चाळिशी लागलेल्या आणि बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना जवळचे चष्म्याच्या खालच्या भागातून दिसते. पडदा उंच ठेवला तर ते हनुवटी वर करून पाहतात, आणि मान मागे मोडते. त्यांनी पडदा काही सेंटिमीटर खाली घ्यावा आणि थोडा मागे कलता ठेवावा. डोळ्यांपासून पडद्याचे अंतर टेपने मोजून चष्म्याच्या दुकानात सांगावे. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करता येतो, आणि दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याला तो नव्या मॉनिटरपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतो.

डोळ्यांचे काय?

दुसरा पडदा डोळ्यांना वाचवत नाही. जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दिलेल्या निरीक्षणांनुसार, निवांत बसलेल्या माणसाच्या पापण्या मिनिटाला सरासरी २२ वेळा लवतात, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यावर वाचताना ७ वेळा. पापणी लवली नाही तर अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात. पडदा नजरेच्या वर गेला तर डोळे अधिक उघडे राहतात आणि आणखी सुकतात. म्हणून उंच ठेवायचा, पण नजरेच्या वर नाही. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर बसायची जागा बदलावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहण्याची सवयही चांगली आहे.

दोन्ही पडद्यांचा उजेड जवळपास सारखा करावा. एक लख्ख आणि दुसरा मंद असेल, तर दर नजरेला डोळ्यांना जुळवून घ्यावे लागते. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर मात्र पैसे घालवू नयेत. ‘कॉक्रेन’ने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या. पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्या चष्म्याने निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचे त्यांत दिसले नाही.

पैसे कुणाचे?

टेबल-खुर्चीची मांडणी सुधारली की मानदुखी हमखास टळते, असे विज्ञान म्हणत नाही. या विषयावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. उत्तम मांडणी करूनही कुणी चार तास न उठता बसला, तर अंग आखडणारच. म्हणून अर्ध्या तासाने उठणे, पाणी आणायला स्वतः जाणे, फोनवर बोलताना फेऱ्या मारणे याला पर्याय नाही. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली ताकद कमी वाटत असेल किंवा कळ मानेतून हातात उतरत असेल, तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे.

पण मांडणीचा भाग निव्वळ कर्मचाऱ्याच्या शहाणपणावर सोडणेही बरोबर नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्येच संगणकावर काम करणाऱ्यांसाठी किमान नियम केले. कीबोर्ड पडद्यापासून सुटा असावा, ही त्यातली एक अट. लॅपटॉपसारख्या सोबत नेण्याच्या यंत्रांना त्यातून सूट आहे, पण ती यंत्रे कामाच्या जागी दीर्घकाळ वापरली जात नसतील तरच. म्हणजे रोज आठ तासांच्या कामासाठी केवळ लॅपटॉप पुरेसा नाही, हे तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी एका मोठ्या बाजारपेठेने कायद्यात मान्य केले.

आपल्याकडे कंपनी रुजू होताना लॅपटॉप आणि तो न्यायला बॅग देते. त्याच बॅगेत सुटा कीबोर्ड, माउस आणि घडीचा स्टँड घालायला तिला कितीसा खर्च येईल? लॅपटॉपच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ आहे. ज्यांच्या कामाला दोन पडदे लागतात, त्यांना दुसरा पडदा कामाचे साधन म्हणून मिळायला हवा. आज तो कर्मचारी स्वतःच्या पगारातून घेतो, वर फिजिओथेरपिस्टचे बिलही स्वतःच भरतो. वाढलेल्या कामाचा फायदा मात्र कंपनीच्या खात्यात जमा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी एचआरकडून ‘तुम्हाला आणखी काय हवे’ असा ईमेल आला, तर योगासनांच्या ऑनलाइन शिबिराऐवजी कीबोर्ड, माउस आणि स्टँड मागा. कामाला लागत असेल तर मॉनिटरही मागा. एकट्याने मागण्यापेक्षा सगळ्या टीमने मिळून मागा. आणि ते येईपर्यंत घरातल्या दिवाळी अंकांची चळत लॅपटॉपखाली सरकवायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.